जपानच्या चित्रशाळा आणि एक वही

पावसाळा सरत आला होता. मोर्णेच्या पुलावरून जुन्या शहराकडे जाणाऱ्या वाटेवरचा चिखल अद्याप वाळला नव्हता आणि सहामाही परीक्षा तोंडावर आली होती. अशा एका दिवशी गणिताचे शिक्षक रजेवर असल्यामुळे नववीच्या एका वर्गाचा तास सांभाळण्याचे काम आमच्याकडे आले. वर्गाच्या दाराशी पोहोचतो न पोहोचतो तोच आतून मोठा गलका ऐकू आला. आत शिरून पाहतो, तो फळ्यावर चार नावे लिहिलेली असून प्रत्येक नावाखाली खडूच्या रेघा मारून मतमोजणी चाललेली! वर्गनायकाची निवडणूक असावी असे आम्हांस क्षणभर वाटले. परंतु नावे वाचली ती अशी : घिबली, क्योतो, यूफोटेबल, मापा.

चौकशीअंती कळले की, जपानात चित्रे काढून जे चित्रपट व ज्या मालिका तयार होतात, ज्यांस ॲनिमे असे म्हणतात, त्या तयार करणाऱ्या स्टुडिओंची ही नावे होत. ‘डीमन स्लेयर’ या कथेचा नवा चित्रपट सप्टेंबर २०२५ मध्ये भारतातील चित्रपटगृहांत लागला, तेव्हापासून या वादास विशेष ऊत आला होता. एक पक्ष म्हणे, ऑस्कर मिळविणारी घिबली श्रेष्ठ; दुसरा म्हणे, यूफोटेबलसारखी तलवारबाजी दाखवून द्या; तिसरा मापाचा झेंडा घेऊन उभा. मागच्या बाकावरील एक मुलगा मात्र कोणासच मत न देता, मान खाली घालून, आपल्या वहीच्या पानांचा कोपरा अंगठ्याखालून भराभर सोडीत बसला होता.

परीक्षा आठ दिवसांवर आली असता परदेशातील चित्रांच्या कारखान्यांची मते मोजणे ही गोष्ट आम्हांस सहन झाली नाही. आम्ही फळा पुसला, चांगला पाव तास उपदेश केला. आणि उपदेशाने राग शमत नाही असा अनुभव असल्यामुळे तो त्या मागच्या मुलावर काढला. त्याची वही ओढून घेतली. कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेली बारीक चित्रे दिसली. ती नीट न पाहताच, “असल्या रेघोट्यांनी पोट भरत नसते,” असे आम्ही त्यास साऱ्या वर्गासमक्ष ऐकविले व ती वही शिक्षकखोलीतील आमच्या कपाटात नेऊन टाकली. मुलगा एक अक्षरही बोलला नाही.

सायंकाळी घरी ही हकीकत आम्ही जरा फुशारकीनेच सांगितली. तेव्हा आमची कन्या म्हणाली, “पण बाबा, लहानपणी तुम्ही रविवारी मोगली पाहायचात ना? तो जपानीच होता.”

हे ऐकून आम्ही खरोखरच स्तब्ध झालो. सन १९९३ च्या सुमारास जुन्या शहरात आमच्या आळीत दूरदर्शन संच असलेली घरे थोडी होती. रविवारी सकाळी शेजारच्या वाड्यातील ओसरीवर आम्ही वीस-पंचवीस मुले दाटीवाटीने बसत असू. एक जण माडीवर चढून अँटेना फिरवी, दुसरा जिन्यात उभा राहून “आलं, आलं” म्हणून ओरडे. शीर्षकगीत गुलजार यांचे, त्यास संगीत विशाल भारद्वाज यांचे, आणि शेरखानाच्या तोंडी आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. शिवाय कथा घडते ती सिवनीच्या अरण्यात, म्हणजे आपल्या मेळघाटाप्रमाणेच सातपुड्याच्या कुशीत. एवढे सारे आपलेच असता ती चित्रे परक्या देशातील असतील अशी शंका आम्हांस यावी तरी कशी? ती मालिका टोकियोच्या निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने १९८९ साली तयार केली होती, हे बत्तीस वर्षांनी आमच्या मुलीने आम्हांस सांगितले. ज्या हातांनी आमच्या बालपणीचे रविवार रंगविले, त्यांच्या गावाचेही नाव आम्हांस ठाऊक नव्हते; आणि ज्या मुलांस ते ठाऊक होते, त्यांस आम्ही नुकतेच दटावून आलो होतो!

या लज्जेपोटी आम्ही दिवाळीच्या सुटीत हा विषय अभ्यासास घेतला. त्यातून जे हाती लागले ते विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम कामाचे स्वरूप पाहू. पडद्यावर एका सेकंदात चोवीस चौकटी सरकतात. एकच चित्र दोन चौकटी टिकविले तर सेकंदास बारा नवी चित्रे लागतात. तीन चौकटी टिकविले तर आठ. मुख्य चित्रे अनुभवी कलावंत काढतो आणि दोन मुख्य चित्रांमधील हालचालीची चित्रे नवशिके काढतात. अर्ध्या तासाच्या एका भागास अशी काही हजार चित्रे लागतात. तेव्हा स्टुडिओची तुलना करावयाची म्हणजे ही एवढी चित्रे कोण काढतो, किती अवधीत काढतो, आणि त्यास त्याचे काय मिळते, हे पाहावयास पाहिजे.

या सर्वांत वडील घराणे तोएई. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ साली निघालेली एक लहान चित्रसंस्था तोएई या चित्रपट कंपनीने १९५६ साली विकत घेतली. पूर्वेकडील डिस्ने व्हावे ही चालकांची महत्त्वाकांक्षा होती. १९५८ साली त्यांनी जपानचा पहिला पूर्ण लांबीचा रंगीत ॲनिमे चित्रपट काढला. ‘ड्रॅगन बॉल’ याच घराण्याचे, आणि १९९९ पासून चालत आलेली ‘वन पीस’ ही मालिकाही याच घराण्याची. तोएईची खरी थोरवी मात्र निराळीच आहे. ती एक शाळाच ठरली. इसाओ ताकाहाता व हायाओ मियाझाकी हे पुढे जगप्रसिद्ध झालेले दोघे तरुणपणी येथेच भेटले व येथेच शिकले.

दुसरे घराणे मुशी. ओसामू तेझुका हे जपानचे थोर चित्रकथाकार. त्यांनी ही संस्था काढली आणि १ जानेवारी १९६३ पासून ‘ॲस्ट्रो बॉय’ ही मालिका दर आठवड्यास दूरदर्शनवर दाखविण्यास आरंभ केला. आठवड्यास अर्धा तास चित्रे पुरविणे हे अशक्य मानले जात होते. तेझुकांनी ते चित्रांची संख्या कमी करून साधले : देह स्थिर ठेवून ओठच हालवावयाचे, एकदा काढलेले धावणे पुन:पुन्हा वापरावयाचे. युक्ती अजोड होती. परंतु मालिका त्यांनी फार स्वस्तात विकली व पुढे येणाऱ्यांच्या मोबदल्याचे मापही त्याबरोबर खाली आले, असा दोष त्यांस दिला जातो. १९७३ साली मुशीचे दिवाळे वाजले. पण तेथून बाहेर पडलेल्या माणसांनी १९७२ सालीच मॅडहाउस व सनराइज या दोन संस्थांचा पाया घातला होता. तळे आटले, पाणी मात्र दुसऱ्या पाटांनी वाहू लागले.

आपल्या घरोघरी ठाऊक असलेले डोरेमॉन व शिनचॅन हे शिन-एई या संस्थेचे. आमच्या मुलांच्या वादात तिचे नावही फळ्यावर नव्हते. जी चित्रे सर्वांनी पाहिली तिचे नाव कोणासच ठाऊक नसावे, आणि जिची चित्रे थोड्यांनीच पाहिली तिच्या नावाने भांडणे व्हावीत, हाही कीर्तीचा एक स्वभावच म्हणावयाचा.

आता घिबली. १९८५ साली मियाझाकी, ताकाहाता व तोशिओ सुझुकी यांनी ती स्थापन केली. १९८८ साली एकाच दिवशी तिचे दोन चित्रपट लागले : एकात वनदेवतेशी खेळणाऱ्या दोन बहिणी, दुसऱ्यात युद्धात अन्नान्न करीत प्राण सोडणारी भावंडे. एवढे अंतर एका छपराखाली सामावणे हेच तिचे बळ. २००१ चा ‘स्पिरिटेड अवे’ आणि २०२३ चा ‘द बॉय अँड द हेरन’ या दोहोंना ऑस्कर मिळाले. ‘द विंड राइजेस’ या २०१३ च्या चित्रपटात गर्दीचे एक दृश्य आहे. ते चार सेकंदांत सरते. पण ते काढण्यास एका चित्रकारास एक वर्ष व तीन महिने लागले. घिबलीचा मोठेपणा ज्यास एका वाक्यात हवा असेल त्याने एवढे लक्षात ठेवावे की, तेथे चार सेकंदांसाठी पंधरा महिने देणारा मालक होता. परंतु या वैभवास दुसरी बाजूही आहे. दोन थोर पुरुषांवर सारा डोलारा उभा राहिल्याने त्यांच्यामागे कोण, हा प्रश्न सुटला नाही. २०१४ साली चित्रपटनिर्मितीचे काम काही काळ थांबवावे लागले, आणि २०२३ साली ही संस्था एका दूरदर्शन कंपनीच्या छत्राखाली गेली.

यूफोटेबल ही २००० सालची. हाताने काढलेली रेघ आणि संगणकावरील प्रकाश, पाणी, धूर यांचा मिलाफ एकाच घरात करण्यात तिचा हातखंडा. २०२० साली तिच्या ‘डीमन स्लेयर’ चित्रपटाने ‘स्पिरिटेड अवे’चा जपानातील उत्पन्नाचा उच्चांक मोडला. मापा ही २०११ सालची. तिचे संस्थापक मासाओ मारुयामा हे मूळचे मुशीचे व पुढे मॅडहाउसचे, आणि ही नवी संस्था काढतेवेळी त्यांचे वय सत्तरीच्या घरात होते! ‘अटॅक ऑन टायटन’ ही कथा पहिली तीन पर्वे विट या संस्थेने चालविली. शेवटचे पर्व मापाने घेतले. मोठमोठी कामे एकापाठोपाठ एक उचलण्याचे तिचे धाडस दांडगे. परंतु त्या घाईचा भार ज्यांच्या मनगटांवर पडतो, त्यांपैकी काहींनी २०२३ साली आपली नाराजी जाहीरपणे बोलून दाखविली.

ही ओढाताण एकट्या मापाची नव्हे. बहुतेक मालिकांचा पैसा प्रकाशक, दूरदर्शन कंपन्या, खेळणी विकणारे इत्यादींचे एक मंडळ मिळून घालते. हक्क त्यांचे, नफाही त्यांचा; स्टुडिओस ठरलेली मजुरी. मधली चित्रे काढणाऱ्या नवशिक्यास दर चित्रामागे सुमारे दोनशे येन मिळत आले आहेत. मालिका जगभर गाजली, तरी त्या दोनशेचे दोनशे एक होत नाहीत.

यासाठीच क्योतो ॲनिमेशनची हकीकत आम्ही शेवटी ठेवली. बहुतेक स्टुडिओ टोकियोत. हा क्योतोजवळच्या उजी गावी. योको हात्ता या बाई पूर्वी मुशीत रंगकाम करीत. लग्नानंतर त्या क्योतोकडे आल्या आणि १९८१ साली शेजारच्या गृहिणींना जमवून टोकियोच्या स्टुडिओंची चित्रे रंगवून देऊ लागल्या. त्यातून ही संस्था वाढली. तिने चित्रकारांस दर नगामागे पैसे न देता मासिक पगार दिला, शिकविण्यासाठी स्वत:चा वर्ग काढला, आणि बहुतेक काम घरातच ठेवले. म्हणून तिच्या चित्रांत वाऱ्याने हाललेला केस अथवा अवघडलेला हात यांसही लक्षपूर्वक जागा मिळते. ‘अ सायलेंट व्हॉइस’ हा बहिऱ्या मुलीस छळणाऱ्या व नंतर पश्चात्ताप पावणाऱ्या मुलाचा २०१६ चा चित्रपट शाळेतील प्रत्येकाने पाहावा असा आहे. शिक्षकांनी तर अवश्य.

१८ जुलै २०१९ रोजी एका माणसाने या स्टुडिओस आग लावली. छत्तीस जण मृत्यू पावले. त्याच वर्षी सप्टेंबरात संस्थेचा एक चित्रपट प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या शेवटी त्यावर काम केलेल्या सर्वांची नावे होती. एरवी नवख्यांची नावे देण्याची रीत नव्हती. या वेळी तीही दिली. जग त्यांस एका नावाने ओळखत होते. त्या दिवशी ते एक नाव उलगडून माणसे दिसू लागली.

येथे आम्हांस आमच्या आजोबांचे बोलणे आठवले. त्यांच्या पिढीतही असेच वाद होत. फक्त नावे निराळी. पडद्यावर तुतारी दिसली की ते म्हणत, “प्रभातचं आहे, डोळे मिटून पैसे द्यावे.” कोल्हापुरास १९२९ साली निघालेली आणि १९३३ साली पुण्यास गेलेली प्रभात कंपनी म्हणजे महाराष्ट्राचा अभिमान. परंतु १९४२ साली शांतारामबापू निघून गेले व त्यांनी मुंबईस राजकमल उभारले. प्रभात १९५३ साली बंद झाली. तुतारी तीच राहिली, पण फुंकणारा छातीचा भाता गेला, तेव्हा सूर कोठून निघणार? चित्रशाळेची कीर्ती तिच्या पाटीत नसते. आत बसून काम करणाऱ्यांत असते, आणि ती माणसे उठून गेली की कीर्तीही त्यांच्यामागून, जरा रेंगाळत का होईना, निघून जाते.

ही कला आपल्यास परकी आहे असेही कोणी समजू नये. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाचे एकेक चित्र दिवसेंदिवस घेऊन ते रोप पडद्यावर क्षणात वाढविले होते. १९५६ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये डिस्नेकडील क्लेअर वीक्स यांनी ज्या तरुणांस शिकविले, त्यांत राम मोहन होते. पुढे युगो साको या जपानी गृहस्थांनी रामायणाचा चित्रपट मनावर घेतला, तेव्हा जपानी चित्रकारांबरोबर राम मोहन यांनीही त्याचे दिग्दर्शन केले, आणि आपला पोशाख व चालीरीती यांबाबत भारतीय कलावंतांनी मार्गदर्शन केले. सुमारे एक लाख हातचित्रांचा तो चित्रपट १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत लोकांपुढे आला आणि जानेवारी २०२५ मध्ये भारतातील चित्रपटगृहांत पुन्हा लागला.

असो. इतके वाचून झाल्यावर आम्हांस कपाटातील ती वही आठवली. सुटी संपताच आम्ही शिक्षकखोलीत गेलो व कपाट उघडले. कपाट स्वच्छ होते. सुटीपूर्वी शिपायाने जुने कागद काढण्याविषयी विचारले असता, “जे आहे ते सर्व रद्दीत द्या,” असे आम्हीच सांगितले होते.

त्या मुलास बाहेर बोलावून आम्ही सत्य सांगितले. त्याने ऐकून घेतले. किती पाने होती, असे आम्ही विचारले.

“बहात्तर.”

“काय काढले होते?”

“मोर्णेचा पूल. पाऊस येते अन् एक म्हातारा छत्री उघडते.”

बहात्तर म्हणजे सेकंदास बाराप्रमाणे सहा सेकंद. पंधरा दिवसांपूर्वी हा हिशेब आम्हांस येत नव्हता. आम्ही काही बोलणार तोच तो म्हणाला, “सर, गेली त जाऊ द्या. त्या वहीतली छत्री बराबर उघडतच नव्हती. काड्या कुठं सात झाल्या, कुठं आठ. म्या दुसरी काढली.” आणि त्याने दप्तरातून दुसरी वही काढून आमच्या हाती दिली.

आम्ही अंगठ्याने पाने सोडली. पाऊस आला, म्हातारा थांबला, छत्री उघडली, वाऱ्याने उलटी झाली, म्हाताऱ्याने ती सरळ केली व तो पूल ओलांडून गेला. काड्या आठच्या आठ होत्या.

ज्या वर्गासमक्ष अपमान केला त्याच वर्गासमक्ष क्षमा मागणे आम्ही आमचे कर्तव्य समजलो आणि दुसऱ्या दिवशी ते केले. वही बाकाबाकांवरून फिरली. तलवारबाजीचे कैवारीही तिच्यावर वाकून पाहू लागले.

गोष्ट येथेच संपती तर बरे होते. परंतु पालकसभेच्या दिवशी त्या मुलाचे वडील आले व हळूच म्हणाले, “सर, पोरगं चित्रांतच असते. यानं पोट भरते काय?” आमचेच वाक्य आमच्यापुढे येऊन उभे राहिले. ‘अवश्य भरेल’ असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. पण दोनशे येनांचा हिशेब आम्ही नुकताच वाचला होता. ‘भरणार नाही’ असेही म्हणवेना. आम्ही एवढेच सांगितले की, शाळेचा अभ्यास सोडू देऊ नका. शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांस त्यास बसवा. आणि उद्या त्यास कोठे काम मिळाले, तर त्या संस्थेचे नाव किती मोठे हे विचारण्याआधी तेथे नवशिक्यास शिकवितात काय, महिन्याचा पगार देतात काय, आणि शेवटी त्याचे नाव लावतात काय, या तीन गोष्टी विचारा. ते मान हालवून गेले. त्यांचे समाधान झाले किंवा नाही हे आम्हांस सांगता येत नाही.

त्यानंतर मुलांनी आमचे मत विचारले. आम्ही खडू घेऊन क्योतोखाली एक रेघ ओढली. घिबलीपेक्षा तिची चित्रे सरस आहेत म्हणून नव्हे. तो निवाडा ज्याने त्याने आपल्या डोळ्यांनी करावा. शेजारच्या गृहिणींना हाताशी धरून जिने आरंभ केला व हाताखालच्यांस विसरली नाही, ती आम्हांस वडील वाटली.

विद्यार्थिमित्रांनो, श्रेष्ठ कोण याचा वाद खुशाल घाला. पण वाद घालताना चित्रपट संपल्यावर येणारी नावे एकदा तरी शेवटपर्यंत वाचा. आणि पालकहो, वर्षाअखेरीस मुलांच्या जुन्या वह्या रद्दीत घालाल, तेव्हा प्रत्येकीचा कोपरा अंगठ्याखालून एकदा सोडून पाहा.